कादंबरीतला एक उतारा : ‘हळद लागली’ यात अलंकार कोणता?

हळदपेठ (सांगली)

नमस्कार मंडळी. मी सांगलीत अकरावी-बारावीला मराठी शिकवते. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पार्श्वभूमीवर एक कादंबरी लिहिते आहे, अजून छापलेली नाही. त्यात पेव येतं, म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार. त्यातला एक उतारा यंदा वर्गात अलंकार ओळखायला दिला. कुणी लिहिला ते सांगितलं नाही, म्हणजे पोरं मोकळेपणानं लिहितील. उतारा असा :

“आयर्विन पुलाचा आकडा पंचेचाळिसाच्या खाली आला आणि गावानं श्वास सोडला. कृष्णामाई दमलेल्या म्हशीसारखी पात्रात पडून होती. आबा पेवाच्या तोंडाशी उभे होते. गावात अफवांचं पेव फुटलं होतं. भरपाई मिळणार, मग नाही मिळणार, मग अर्धीच मिळणार. आबांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्यांचं पेव पाणी चढतानाच फुटलं होतं. त्यांनी कंदील आत सोडला, तो पाण्याला टेकून विझला. वर आला तो वास. दोन सालांची हळद आत कुजत होती आणि तिचा वास जणू माणसं ओळखून एकेकाच्या दारात जात होता. घरात थोरलीनं रुखवताच्या ट्रंकेला कुलूप घातलं. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. त्या साली तिच्या अंगाला हळद लागली नाही, नदीच्या लागली. सांगलीत सौदे मात्र लवकरच सुरू झाले. पेठ पोटाला चिमटा घेऊन उभी राहिली.”

‘म्हशीसारखी’ला सगळ्यांनी उपमा लिहिली. ‘वास जणू’ला काहींनी उत्प्रेक्षा, काहींनी चेतनगुणोक्ती (निर्जीव गोष्ट सजीवासारखी वागते तो अलंकार). पेवाच्या दोन वाक्यांना श्लेष, यमक, अतिशयोक्ती, जे सुचेल ते. हळदीच्या वाक्यावर तर एकेकानं तीन-तीन नावं लिहून ठेवली आहेत, एखादं तरी लागेल म्हणून. आणि ट्रंकेच्या वाक्यापुढं बहुतेकांनी ‘अलंकार नाही’ लिहिलं आणि पुढं गेली.

माझं मत आधीच मांडते. नाव देण्याच्या आधी वाक्याचा सरळ अर्थ लागतो का, आणि लागत असेल तर कुठपर्यंत लागतो, हे बघायला हवं. पोरं उलटं करतात. खुणेचा शब्द शोधतात, नाव चिकटवतात, अर्थाकडं जातच नाहीत. तुम्ही हा उतारा कसा सोडवाल?

माहुलीचा घाट (सातारा)

ताई, उतारा आवडला. पहिल्यांदा उपमेचं. उपमेय कृष्णामाई, उपमान दमलेली म्हैस, साधारण धर्म पडून असणं, साम्यवाचक शब्द ‘सारखी’. चारही अंगं हजर, म्हणजे पूर्णोपमा. इथवर पोरांचं बरोबर.

पण माझी हरकत औचित्यावर आहे. एकाच वाक्यात नदीला ‘माई’ म्हणायचं आणि म्हशीशी तुलना करायची, हे आम्हा कृष्णाकाठच्यांच्या कानाला खटकतं. क्षेमेंद्रानं अकराव्या शतकात औचित्याचा एवढा विचार केला तो अशाच जागांसाठी. उपमा शास्त्रानं पूर्ण असली तरी त्या जागी शोभते का, हा वेगळा प्रश्न आहे आणि मुलांना तोही विचारायला हवा.

दुसरं, कुणी ‘कृष्णामाई’ला चेतनगुणोक्ती लिहिलं असेल तर ते कसं तपासणार? वाईला घाटाघाटावर कृष्णामाईचा उत्सव होतो, ओटी भरतात. माहुलीला वेण्णा येऊन मिळते तिथं लोक पाण्यात पाय घालायच्या आधी हात जोडतात. ज्याला ती खरोखर आई वाटते त्याच्या तोंडी ‘माई’ हा अलंकार नाही. ते तिचं नावच आहे.

विश्रामबाग (सांगली)

म्हशीबद्दल माझं मत वेगळं आहे. हरिपुरातला शेतकरी म्हशीकडं कमीपणानं बघत नाही. पाण्यात डुंबून निपचित पडलेली म्हैस ज्यानं रोज बघितली आहे, त्याला पूर ओसरलेली नदी तशीच दिसणार. कवीला सिंहीण दिसली असती. उतारा आबांच्या नजरेनं चालला आहे, मग उपमानही आबांच्या गोठ्यातलंच हवं. औचित्य इथं पाळलं गेलं आहे असं मी म्हणेन.

हळदपेठ (सांगली)

माहुलीकर, ‘माई’बद्दल तुमचं म्हणणं मी वर्गात जसंच्या तसं सांगणार आहे. दोघांनी तसं लिहिलं आहे. म्हशीबद्दल मी विश्रामबागांच्या बाजूची. ‘माई’ आणि ‘म्हैस’ शेजारी आणले ते जाणूनबुजून. पूर आला तेव्हा ती माई राहिली नव्हती, आणि आता परत व्हायची आहे. मधल्या वेळेत ती नुसतं एक थकलेलं जनावर आहे.

अभिधा (मिरज)

‘वास जणू’वर लिहितो, कारण हा वाद फार जुना आहे. अंधार जणू अंगाला लेप लावतो आहे, आकाश जणू काजळ बरसतं आहे, अशा अर्थाचा एक प्रसिद्ध संस्कृत श्लोक आहे. त्यात ‘इव’ (सारखं, जणू) आहे म्हणून काही जण त्याला उपमा म्हणत. दंडीनं काव्यादर्शात हे मत खोडून काढलं. त्याचा मुद्दा असा की तिथं ‘इव’ क्रियापदाला लागला आहे, आणि क्रियापद उपमान होऊ शकत नाही. ‘लेप लावतो’ ही काही वस्तू नव्हे की तिच्याशी अंधाराची तुलना करावी. म्हणून ती उत्प्रेक्षा, म्हणजे कल्पना.

तोच निकष इथं लावा. ‘जणू’ कुणाला लागला आहे? ‘ओळखून दारात जात होता’ या क्रियेला. वासाची तुलना कुणा माणसाशी केलेली नाही. वास पसरतो आहे, आणि लेखिका कल्पना करते आहे की तो ओळखून जातो आहे. म्हणून मुख्य अलंकार उत्प्रेक्षा. चेतनगुणोक्ती लिहिणाऱ्यांनाही काहीतरी दिसलं आहे, कारण कल्पिलेली क्रिया सजीवाची आहे. पण ती उत्प्रेक्षेच्या पोटात आहे.

‘चेतनगुणोक्ती’ हे नाव आपल्या मराठी व्याकरणाच्या पुस्तकांतलं. ‘काव्यप्रकाश’ लिहिणाऱ्या मम्मटाच्या यादीत ते नाही. त्यामुळं शालेय उत्तरात या दोन्हींची हद्द कुठं हे सांगणं शिक्षकाचंच काम होऊन बसतं.

हळदपेठ (सांगली)

मग ही हद्द दाखवायची सोपी रीत सांगते. ‘जणू’ काढून वाक्य परत वाचायचं. “तिचा वास माणसं ओळखून एकेकाच्या दारात जात होता.” आता लेखिका कल्पना करते आहे असं म्हणत नाही, छातीठोक सांगते आहे. ही चेतनगुणोक्ती. ‘जणू’ ठेवला की तिनं एक पाऊल मागं घेतलं. पोरांना हा फरक वाचून दाखवला की ऐकू येतो, व्याख्येनं कळत नाही.

कराडकर_स्पर्धा (कराड)

मॅडम, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. आम्हाला क्लासमध्ये सांगतात की ‘सारखा, समान, परी, जैसा’ दिसलं की उपमा आणि ‘जणू, गमे, भासे, वाटे’ दिसलं की उत्प्रेक्षा. पेपरात विचार करायला वेळ नसतो. ही ट्रिक चुकीची आहे का? आणि एकाच वाक्यात दोन अलंकार असतील तर पर्याय कोणता टिक करायचा?

अभिधा (मिरज)

चुकीची नाही, अपुरी आहे. परीक्षेत दिलेली ओळ बहुधा एकाच अलंकाराचं ठरलेलं उदाहरण असते, तिथं खूण चालते. कादंबरीचा उतारा आला की ती फसवते. ‘मला वाटतं पाऊस येईल’ यात ‘वाटतं’ आहे, अलंकार कुठला? दोन अलंकार दिसले तर वाक्याचं मुख्य क्रियापद कोणाच्या ताब्यात आहे ते बघ आणि तो पर्याय निवड.

हरिपूर_संगम (हरिपूर)

हा धागा घरच्यांनी वाचून दाखवला, म्हणून लिहितो. आमच्याकडं वाडवडिलांपासून पेवं होती. अलंकारातलं मला कळत नाही, पण पेवातलं कळतं, आणि उताऱ्यात दोन-तीन गोष्टी अशा आहेत की त्या माहीत नसल्या तर वाचणाऱ्याचा घोळ होईल.

पेव म्हणजे जमिनीत खाली खणलेली खोल खोली, तोंड अरुंद आणि पोट मोठं. आमच्या इथल्या मातीत ती टिकते. आत हळद भरून तोंड बंद केलं की हवा लागत नाही, कीड लागत नाही, साल दोन साल माल राहतो. भाव येईल तेव्हा काढायचा. पण उघडल्याबरोबर आत उतरायचं नसतं. आतली हवा घुसमटवणारी असते, माणूस दगावतो. तोंड उघडं ठेवून वाट बघायची, मग कंदील दोरीनं खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर उतरायचं, विझला तर नाही.

आता उताऱ्यात कंदील विझतो. माझ्या नातवानं वाचून लगेच म्हटलं की आशा विझली. आशा विझली हे खरंच. पण आबा काही आशा बघायला कंदील सोडत नाहीत. ते रोजचं काम करताहेत. शहाणा माणूस पेवात डोकावण्याआधी जे करतो तेच. फक्त या खेपेला कंदील हवेनं विझला नाही, पाण्यानं विझला. ज्याला पहिलं माहीत आहे त्यालाच दुसऱ्याचा धक्का बसतो.

आणि पेव फुटत नाही, ताई. पूर आला की आत पाणी शिरतं, तोंडाशी माती खचते. २००५ च्या पुरात आमच्या भागातल्या पेवांची फार वाताहत झाली, ती मी डोळ्यांनी बघितली. फुटलं असं आम्ही कुणी म्हटलं नाही.

हळदपेठ (सांगली)

काका, तुमची ही पोस्ट मी छापून वर्गात लावणार आहे, परवानगी असेल तर. मी पहिल्या पोस्टमध्ये जे म्हणत होते ते तुम्ही कंदिलावर दाखवून दिलंत. सरळ अर्थ भक्कम असेल तरच वरचा अर्थ उभा राहतो. ‘कंदील म्हणजे आशा’ एवढंच लिहिणाऱ्या मुलानं आबांना पाहिलंच नाही, त्यानं प्रतीक पाहिलं.

‘फुटलं’बद्दल : पेव खचतं हे मला ठाऊक आहे, तरी तो शब्द मी ठेवणार. वरच्या वाक्यात सगळं गाव ‘अफवांचं पेव फुटलं’ म्हणतं. बोलताना कुणाच्या मनात खरं पेव नसतं, तो वाक्प्रचार आहे. मग लगेच आबांच्या वाक्यात तोच शब्द खऱ्या पेवावर आणून आदळला आहे. ‘खचलं’ लिहिलं तर ते वर्णन अचूक होईल, पण गावाची भाषा आणि आबांचं नुकसान यांची गाठ सुटेल.

विश्रामबाग (सांगली)

मग याला काय म्हणायचं? मला श्लेष वाटतो.

अभिधा (मिरज)

श्लेष नाही. श्लेषात शब्द एकदाच येतो आणि दोन अर्थ देतो. इथं ‘पेव फुटलं’ दोनदा आलं आहे, दोन्हीकडं अर्थ वेगळा. संस्कृत शास्त्राप्रमाणं तीच अक्षरं पुन्हा येऊन अर्थ बदलला तर यमक. अडचण ही की शाळेत आपण यमक म्हणजे ओळीच्या शेवटी जुळणारे ध्वनी एवढंच शिकवतो, त्यामुळं गद्यात यमक म्हटलं की मुलं गोंधळतात. ज्यांनी यमक लिहिलं त्यांना गुण द्यावेत, आणि का लिहिलं तेही विचारावं.

शब्दशक्तीच्या बाजूनं बघितलं तर ते आणखी स्वच्छ दिसतं. पहिल्या ‘पेव फुटलं’मध्ये रूढ लक्षणा, म्हणजे सरळ अर्थ सोडून घेतलेला आणि वापरून वापरून बसलेला अर्थ. दुसऱ्यात पेव हा शब्द अभिधेत, म्हणजे सरळ अर्थात, परत येतो, आणि ‘फुटलं’ मात्र अर्धं लक्षणेत राहतं, कारण काका म्हणतात तसं पेव फुटत नाही. म्हणजे काकांची हरकतच इथं विश्लेषणाच्या कामी आली.

माहुलीचा घाट (सातारा)

पहिलं वाक्य कुणी घेतलंच नाही. ‘पुलाचा आकडा पंचेचाळिसाच्या खाली’ म्हणजे काय? साताऱ्याच्या वाचकाला लगेच कळणार नाही.

विश्रामबाग (सांगली)

आयर्विन पूल १९२९ चा. पुराची पातळी तिथं फुटांत मोजतात, ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ ला ती ५७ च्या वर गेली होती. पावसाळ्यात सांगलीत ‘किती झालं?’ विचारलं की उत्तर फुटांतच येतं, पूल हा शब्दही कुणी उच्चारत नाही. तेव्हा आकडा हा इथं अलंकार नाही, बातमी आहे. ‘गावानं श्वास सोडला’ ही मात्र लक्षणा. गाव म्हणजे गावातली माणसं. शेवटची ‘पेठ उभी राहिली’ तशीच, पेठ म्हणजे व्यापारी, हमाल, अडते. याला चेतनगुणोक्ती म्हणणं मला पटत नाही.

अभिधा (मिरज)

बरोबर. ‘गंगेवर गवळ्यांची वस्ती’ या जुन्या उदाहरणासारखंच. प्रवाहावर वस्ती होऊ शकत नाही म्हणून सरळ अर्थ अडतो, तीराचा प्रवाहाशी संबंध असतो म्हणून तो अर्थ घेतो, आणि ‘गंगेवर’ म्हटल्यानं थंडावा, पावित्र्य मनात यावं हे प्रयोजन. अडथळा, संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन, या तीन अटी लावून बघा. गाव श्वास घेत नाही, पण गावातले घेतात. चेतनगुणोक्तीत निर्जीव गोष्टच सजीव होऊन वागते, तिच्याआड माणसं लपलेली नसतात.

कराडकर_स्पर्धा (कराड)

आणि हळदीचं वाक्य? तिथं काय टिक करायचं?

हळदपेठ (सांगली)

“त्या साली तिच्या अंगाला हळद लागली नाही, नदीच्या लागली.” पहिल्या भागात हळद लागणं म्हणजे लग्न. दुसऱ्या भागात ‘हळद’ हा शब्द पुन्हा आलेला नाही, वरूनच घ्यायचा आहे, आणि तिथं ती बुडालेला माल आहे. एकदा आलेला शब्द, दोन अर्थ. म्हणून श्लेष. ‘हळद’च्या जागी दुसरा समानार्थी शब्द घालून बघ, लग्नाचा अर्थ लगेच निघून जातो. म्हणून शब्दश्लेष. नदीला अंग आलं ही चेतनगुणोक्ती त्याच्या आधारानं उभी आहे. मुख्य अलंकार एकच लिहायचा असेल तर श्लेष.

हरिपूर_संगम (हरिपूर)

यात एक सांगतो. पुराचं पाणी तांबडं असतं, गाळाचं. नदी पिवळी झालेली आम्ही कधी बघितली नाही. पण मोटार लावून पेव उपसलं तेव्हा पाइपातून पडणारं पाणी पिवळं होतं. अंगणातून गटारापर्यंत ओघळ पिवळा दिसायचा, पोरांच्या पायांना रंग लागायचा. पुढं कुठं गेला ते दिसत नव्हतं. म्हणजे ‘नदीच्या लागली’ हे बघून लिहिलेलं नाही, आणि तरी बापाच्या मनातलं तेच आहे.

माहुलीचा घाट (सातारा)

काकांनी सांगितलेला ओघळ कादंबरीत यायला हवा, ताई.

हळदपेठ (सांगली)

येणार. काका, तुमच्याशी सविस्तर बोलायला येते.

आता ट्रंकेचं वाक्य. “घरात थोरलीनं रुखवताच्या ट्रंकेला कुलूप घातलं. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं.” यात अलंकार नाही हे पोरांचं उत्तर खरं आहे. उपमा नाही, लक्षणा नाही, एकही शब्द आपला सरळ अर्थ सोडत नाही. पण उताऱ्यातली सगळ्यात मोठी घटना इथंच घडते. माल बुडाला, लग्न मोडणार, हे तिला बापाच्या आधी कळलं आहे, आणि तिनं त्याच्यावर सांगायची वेळ येऊ दिली नाही. यातलं काहीही लिहिलेलं नाही. आनंदवर्धनानं नवव्या शतकात ध्वनी म्हणून ज्याचा विचार केला ते हेच. अर्थ शब्दांतून निघतो, शब्दांत असत नाही. आपल्या पुस्तकात शब्दशक्तीच्या धड्यात व्यंजना, म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ, असते, पण तिची उदाहरणं एकेका ओळीची, तोडून घेतलेली. मागची-पुढची वाक्यं नसतील तर कुलूप म्हणजे नुसतं कुलूप. व्यंजना ओळखायला उताराच लागतो, कादंबरी लागते.

म्हणून माझा राग पोरांवर नाही, प्रश्नाच्या घडणीवर आहे. ‘अलंकार ओळखा’ असं विचारलं की जिथं अलंकार नाही तिथं काहीच नाही, असं मूल शिकतं.

विश्रामबाग (सांगली)

पण मग तपासणार कशी? व्यंजनेचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं येणार. कुणी म्हणेल तिला लग्नच नको होतं.

अभिधा (मिरज)

तेही चालेल, उताऱ्यातला आधार दाखवता आला तर. इथं नाही दाखवता येणार. लग्न नको असतं तर ‘कुणी सांगितलं नव्हतं’ हे वाक्य कशाला? आणि रुखवत तिनंच जमवलेलं असणार. वाटेल तो अर्थ काढणं म्हणजे व्यंजना नव्हे. तिलाही प्रसंगाचं, बोलणाऱ्याचं बंधन असतं.

हळदपेठ (सांगली)

तपासणीचं ठरवलं आहे, इथंच लिहून ठेवते. उपमेला एक गुण, अंगं दाखवली तर आणखी एक. ‘वास जणू’ला उत्प्रेक्षा पूर्ण गुण, चेतनगुणोक्ती लिहून ‘जणू’बद्दल काही म्हटलं असेल तर तेही पूर्ण. पेवाला यमक किंवा ‘वाक्प्रचार आणि खरा अर्थ’ अशा शब्दांत सांगितलेलं काहीही. हळदीला श्लेष, पण दोन्ही अर्थ लिहिलेले हवेत, नुसतं नाव चालणार नाही. ट्रंकेच्या वाक्यावर ‘अलंकार नाही’ एवढ्याला अर्धा गुण, आणि सोमवारी वही परत देऊन पुढचा प्रश्न विचारणार : मग हे वाक्य इथं का आहे?

कराडकरा, तुझं उत्तरही इथं टाक. तुला वेळेचं बंधन नाही.

कराडकर_स्पर्धा (कराड)

टाकतो मॅडम. मला वाटतं कुलूप तिनं आबांसाठी घातलं. उघडी ट्रंक त्यांच्या नजरेस पडू नये म्हणून.

हरिपूर_संगम (हरिपूर)

मलाही तसंच वाटतं, बाळा.